पिस्तूल आत, मी बाहेर

दचकू नका. पिस्तूल बोलत नाहीये; ते ज्यात झोपतं ती पेटी बोलतेय. पिस्तुलाला तसंही बोलता कुठे येतं? एकदा ‘टिक्’ म्हणतं आणि दिवसभर त्याचाच तोरा मिरवतं. बाकी त्याला जपायचं, न्यायचं, आणायचं, लोकांच्या नजरेआड ठेवायचं, ते सगळं माझ्याकडे. आज मी मोठ्या खुशीत आहे. का, ते सांगायला थोडं मागं जावं लागेल.

मी अस्सल सागवानी. जन्म कोल्हापूरचा, मुक्काम पोस्ट हल्ली ग्योतोकु, जपान. मला घडवलं मोहनरावांनी. ते शिरोलीच्या एका फाउंड्रीत पॅटर्नमेकर होते. पंप असो की गिअरबॉक्स, लोखंड ओतण्याआधी ती वस्तू लाकडात हुबेहूब बनवावी लागते, मग वाळूत तिचा ठसा उठवतात. त्या कामात सुताएवढी चूकसुद्धा चालत नाही. असा माणूस पेटी करायला बसला, तर ती कशी होईल ते तुम्हीच ठरवा.

त्यांची मुलगी उल्का तेव्हा पंधरा वर्षांची होती. नेमबाजी शिकायला जायची. जिल्ह्याच्या संघटनेनं तिला सरावासाठी एअर पिस्तूल दिलं होतं. ते टॉवेलात गुंडाळून, पिशवीत घालून ती सायकलवरून न्यायची. एकदा चौकात टॉवेल सुटला आणि पिस्तुलाची नळी पिशवीबाहेर आली. पानपट्टीवरची माणसं गप्प झाली. रिक्षावाल्यांनी रिक्षा मागे घेतल्या. उल्का थाटात मधून निघून गेली आणि घरी येऊन वडिलांना रंगवून सांगू लागली, “बाबा, सगळ्या चौकानं मला वाट दिली!”

मोहनराव जेवत होते. घास खाली ठेवून म्हणाले, “वाट तुला नाही दिली, पिस्तुलाला दिली. भ्याले ते. ज्या दिवशी हे झाकलेलं असेल आणि लोक तुला बघून बाजूला होतील, त्या दिवशी येऊन सांग.”

पुढचे दोन रविवार ते घरी फिरकलेच नाहीत, कारखान्यातच होते. तिसऱ्या रविवारी मी घरी आले. आत हिरवी मखमल, मखमलीत पिस्तुलाच्या आकाराची खोबण, बाहेर पितळी कडी आणि छोटं कुलूप. बिजागरी दहादा उघडून मिटून त्यांनी कान देऊन ऐकली आणि मगच मला मुलीच्या हातात ठेवलं.

उल्का माझ्यासकट पुण्याला गेली, इंदूरला गेली, राज्याच्या संघात आली. मग तेविसाव्या वर्षी प्रल्हादशी लग्न झालं. पिस्तूल संघटनेचं होतं, ते परत गेलं. मी घरची, म्हणून राहिले.

पुढचं आयुष्य काय सांगू! ज्या खोबणीत पिस्तूल निजायचं, तिथे गोड्या मसाल्याची पुडी आली. प्रल्हादला तोयोसुच्या आयटी कंपनीत काम मिळालं, तशी मी विमानात बसले, पण पोटात आमसुलं आणि मेतकूट घेऊन. जपानात आल्यावर कागदपत्रांची पेटी झाले. रेसिडन्स कार्डाच्या झेरॉक्स, लेक तन्वीच्या लशींची वही, कुठल्या वारी कुठला कचरा टाकायचा त्याचं तारीखपत्रक, सगळं माझ्यात. उल्का आधी कोन्बिनीत बायतो करायची, म्हणजे स्टेशनजवळच्या त्या दिवसरात्र उघड्या दुकानात अर्धवेळ काम. मग तिथेच शिफ्ट लीडर झाली. घर, शाळा, दुकान. मला उघडायची ती फक्त कचऱ्याचा वार बघायला. वाईट वाटायचं. तिलाही वाटत असावं. पण दोघींनी कधी विषय काढला नाही.

एका शनिवारी तन्वीच्या शाळेमागच्या व्यायामशाळेत खेळांचा मेळावा होता. घरी येताच उल्कानं मला टेबलावर घेतलं, सगळे कागद एका प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबले आणि माझी मखमल झटकली. मसाल्याचा असा भपकारा उठला की तिला सटासट शिंका आल्या. शिंकत शिंकतच ती हसत होती.

तिकडे काय झालं होतं ते तन्वीनं प्रल्हादला सांगितलं, अर्धं जपानीत, अर्धं इंग्रजीत. एका कोपऱ्यात बीम पिस्तूल ठेवलं होतं. त्यातून गोळी सुटत नाही, छर्राही नाही. खटका ओढला की प्रकाशाचा ठिपका दहा मीटरवरच्या लक्ष्यावर पडतो आणि पडद्यावर गुण उमटतात. तन्वीनं गंमत म्हणून आईला पुढे ढकललं. आईनं डावा हात खिशात घातला, उजवा उचलला आणि पाच नेम मारले. दहा, नऊ, दहा, दहा, दहा. तिथे बसलेल्या ओकुनो-सान नावाच्या सत्तरीच्या बाईंनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि विचारलं, “हे कुठे शिकलात?”

ओकुनो-सान, म्हणजे ओकुनोबाई, नेमबाजी क्लबच्या प्रमुख. फार कमी बोलतात. पहिल्याच दिवशी त्यांनी उल्काला नियम सांगितला. “या देशात साध्या नागरिकाला घरी पिस्तूल ठेवता येत नाही. हे आपलं खेळाचं साधन आहे, प्रकाशाचं. पण रस्त्यावरच्या माणसाला ते कसं कळणार? म्हणून सरावाच्या जागेबाहेर ते कायम झाकलेलं, कुलपात. क्लब ते घर, घर ते क्लब. मध्ये कुठेही थांबायचं नाही. कुणालाही दाखवायचं नाही.”

वर्षभरानं त्यांनी तिला एक पिस्तूल घरच्या सरावासाठी दिलं आणि सोबत एक काळी पिशवी पुढे केली. उल्का म्हणाली, “माझ्याकडे पेटी आहे.”

नव्या पिस्तुलाची नळी दोन बोटं लांब निघाली. मग मोहनराव व्हिडिओ कॉलवर आले आणि पटाशी कशी धरायची ते कोल्हापुरातून सांगू लागले. “अगं, रेषेच्या उलट नको! सागवान आहे ते, चीज नव्हे!” मला दुखलं, खोटं कशाला बोलू. पण काम झालं आणि पिस्तूल आत गपकन बसलं. तेरा वर्षांनी माझं पोट कामाच्या वस्तूनं भरलं.

तेव्हापासून माझी तोझाई लाइनवर ये-जा सुरू झाली. तीन स्टेशनं जायची, तीन यायची. उल्का मला मांडीवर घेऊन बसायची, किल्ली तिच्या ट्रेनच्या पासाच्या पाकिटात. शेजारचे लोक अंदाज बांधायचे. एका आजोबांनी ट्रम्पेट आहे का विचारलं. एका बाईला वाटलं, मी मेकअपची पेटी. उल्का गोड हसून म्हणायची, “खेळाचं सामान.” खोटं नाही आणि उघडही नाही. नियम असा कडक की ती जिथे काम करायची त्याच कोन्बिनीसमोरून आम्ही जायचो, पण मी हातात असताना दूधसुद्धा घ्यायला ती आत शिरली नाही. आधी घरी, मग पुन्हा उलटं स्टेशनवर.

गेल्या वर्षी सप्टेंबरात ओकुनो-साननी एक कागद पुढे सरकवला. ऑक्टोबरच्या मध्याला क्योतोत देशभरच्या क्लबांची स्पर्धा होती. प्रत्येक क्लबातून पिस्तुलासाठी एकच नाव. कागदावर नाव होतं उल्काचं. तिनं तो कागद दोन्ही हातांनी घेतला. घरी येऊन तो माझ्या झाकणाच्या आतल्या खिशात ठेवला आणि कितीतरी वेळ झाकण मिटलंच नाही. इतक्या वर्षांनी तिला पुन्हा कुणीतरी उभं राहायला जागा दिली होती. ती हातची गेली असती तर पुन्हा मिळाली नसती, हे तिला ठाऊक होतं आणि मलाही.

त्याच सुमारास शिरीष आले. प्रल्हादचे थोरले भाऊ, ह्यूस्टनला वीस वर्षं. मनानं राजा माणूस, आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं. उल्काच्या पिस्तुलाचं कळल्यावर तर त्यांना विषयच मिळाला.

“आमच्याकडे टेक्सासात कमरेला उघड लावून दुकानात जाता येतं,” ते पोहे खाता खाता सांगत होते. “त्यातही दोन पार्ट्या. उघडवाले म्हणतात, दिसलं की चोर लांबूनच पळतो. झाकूनवाले म्हणतात, दिसलं की चोर पहिल्यांदा तुलाच गाठतो.”

“आणि तू कुठल्या पार्टीत, दादा?” प्रल्हादनं विचारलं.

“मी झाकूनवाला. शर्टाखाली. अकरा वर्षं. तुझ्या वहिनीनं अट घातलीय, बाहेर दिसलं तर ती गाडीतून उतरून चालत घरी जाईल.”

“कधी गरज पडली, भाऊजी?” उल्कानं विचारलं.

“नाही बुवा.”

“मग भीती तरी गेली?”

शिरीषनी चमचा बशीत फिरवला आणि म्हणाले, “पोहे मस्त झालेत.”

आता त्या दिवसाचं सांगते. खंडेनवमी होती. आपल्याकडे त्या दिवशी हत्यारांची, अवजारांची पूजा करतात, ग्योतोकुतही करतात. पाटावर प्रल्हादचा लॅपटॉप, उल्काची कात्री आणि विळी, तन्वीची कंपासपेटी आणि सायकलचा पंप, असा सरंजाम मांडला होता. उल्कानं पडदा ओढून घेतला, माझं कुलूप काढलं आणि पिस्तूल मधोमध ठेवलं. त्याला हळदकुंकू, त्याला अक्षता, त्याला झेंडूची माळ. आणि मला? मला टेबलाखाली सरकवलं, झाकण उघडंच, वर फुलांच्या देठांचा कचरा. एकवीस वर्षं जपलं मी, आणि पूजा कुणाची? फुरंगटून बसले होते मी, म्हणूनच पुढचं सगळं नीट पाहिलं.

उल्का नैवेद्याच्या पुऱ्या तळायला आत गेली. प्रल्हाद दुसऱ्या खोलीत मीटिंगमध्ये, तन्वी शाळेत. शिरीषना फोटो काढायचा होता. उजेड कमी, म्हणून त्यांनी पडदा सरकवला. मग काचेचं दार. मग त्यांनी इकडे तिकडे पाहिलं, माळेसकट पिस्तूल उचललं, पट्ट्यात खोचलं आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. छाती पुढे, फोन वर. अकरा वर्षं शर्टाखाली दडपलेली हौस अशी भर सकाळी जपानात बाहेर आली. समोरच्या इमारतीत एक आजी कपडे वाळत घालत होत्या. त्यांच्या हातातला टॉवेल खाली पडला.

मी ओरडले असते हो. पण मला तोंड आहे ते कुलपाचं.

फोटो झाल्यावर त्यांनी पिस्तूल पाटावर परत ठेवलं, माळ हातातच राहिली, आणि दहा मिनिटांत बेल वाजली. दारात दोन पोलीस, खाली आणखी तीन. उल्का पीठभरल्या हातांनी बाहेर आली. पोलिसांनी वाकून “माफ करा” म्हटलं. आणि शिरीष? दोन्ही हात थेट डोक्याच्या वर, बोटं फाकलेली, एका बोटाला झेंडूची माळ लोंबतेय. चेहरा पांढराफटक. ओठ न हलवता ते म्हणाले, “उल्का, हळू. अजिबात पटकन हलू नकोस. हात दिसू देत त्यांना.”

त्या क्षणी मला त्यांचा राग धरवेना. हा माणूस कुठल्या भीतीत राहतो, ते पहिल्यांदा दिसलं.

“भाऊजी, हात खाली घ्या,” उल्का हलकेच म्हणाली. “तुमच्यामुळे ते घाबरताहेत.”

मग तिनं पोलिसांना विचारलं, परवानगी घेतली, पिस्तूल पाटावरून उचललं, टेबलाखालून मला ओढलं, कचरा झटकला आणि पिस्तूल माझ्यात ठेवून मला त्यांच्यापुढे केलं. पोलिसांनी क्लबची पट्टी वाचली, खटका ओढून भिंतीवर प्रकाशाचा ठिपका पाहिला, सगळं लिहून घेतलं. वयानं मोठा होता तो म्हणाला, “समोरच्या आजी फार घाबरल्या आहेत.” उल्का पीठ धुऊन तशीच शिरीषना घेऊन समोर गेली. दोघं दारात कमरेत वाकून उभे राहिले. आजींनी दार किलकिलं केलं, माफी ऐकली आणि पुन्हा लावून घेतलं.

घरी आल्यावर शिरीष म्हणाले, “चूक माझी, शंभर टक्के. पण पोलिसांनी मिटवलंय ना? आता क्लबला कशाला सांगतेस? तुझी स्पर्धा जाईल.”

प्रल्हादही म्हणाला, “दादाचं बरोबर आहे, उल्का. क्योतो होऊ दे, मग सांग. दोन आठवड्यांचा तर प्रश्न आहे.”

माझ्या मखमलीवर कुंकवाचा एक ठिपका सांडला होता, उल्का त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “पिस्तूल झाकायचं असतं. हे नाही झाकायचं. कुलूप मी काढलं, पाठ मी फिरवली.” आणि पुऱ्या तशाच ठेवून तिनं मला उचललं.

ट्रेनमध्ये तिनं माझं कुलूप दर स्टेशनला ओढून पाहिलं, लागलेलं असूनही.

ओकुनो-साननी सगळं ऐकून घेतलं. दोघींचा चहा गार झाला. मग त्यांनी मला उघडलं, पिस्तूल काढलं आणि क्लबच्या कपाटात बंद केलं. उल्कानं मान खाली घातली. मला वाटलं, संपलं. आता पुन्हा कचऱ्याचं तारीखपत्रक.

“उरुका-सान,” त्या म्हणाल्या. आपला ‘ल’ त्यांच्या जिभेवर बसत नाही. “नियम मोडलात हे मी लक्षात ठेवीन. सांगायला आलात, हेही ठेवीन. उद्यापासून दहा दिवस ही पेटी रोज घेऊन या. रिकामी. कुलूप लावून. मध्ये न थांबता. अकराव्या दिवशी मी ठरवीन.”

स्पर्धा बाराव्या दिवशी होती.

मग सुरू झाली रिकाम्या पेटीची वारी. रोज तीन स्टेशनं जायचं, ओकुनो-साननी कुलूप बघून मान हलवायची, तीन स्टेशनं परत. पिस्तुलाला हात लावायला मिळत नव्हता, म्हणून उल्का स्वयंपाकघरात एक लिटर दुधाचा खोका हातात धरून हात सरळ करून उभी राहायची. वजन जवळपास तेवढंच. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या एका आकड्यावर नजर, श्वास अर्धा सोडलेला, खोका स्थिर. शिरीष सोफ्यावर बसून घड्याळ लावायचे आणि आवाज न करता बसायचे. त्यांच्या आयुष्यात एवढं गप्प ते कधी बसले नसतील.

सातव्या दिवशी परतताना तन्वीचा फोन आला. उद्या शाळेत जाड पुठ्ठा हवा होता, आत्ता सांगत होती. आम्ही नेमक्या कोन्बिनीच्या दारातच होतो. पुठ्ठे काचेतून दिसत होते. मी तर रिकामी. कोण बघणार होतं? उल्का दारासमोर थबकली, ते दार आपोआप उघडलं, आतल्या मुलीनं ओळखून स्वागत केलं. उल्कानं तिला हात केला आणि सरळ घरी आली. मला कपाटात ठेवून, तशीच पावसातून पुन्हा पुठ्ठा आणायला गेली. सामान नसलेल्या पेटीचा एवढा मान मी कुठे पाहिला नव्हता.

शिरीष आठव्या दिवशी परत निघाले. जाताना उल्काला म्हणाले, “तुला एक सांगू? इथे दोन आठवडे कमरेला काही नव्हतं. पहिले दोन दिवस चाचपडत होतो. मग विसरलो.” आणखी काहीतरी सांगायचं होतं त्यांना, पण टॅक्सी आली.

अकराव्या दिवशी ओकुनो-साननी विचारलं, “मध्ये कुठे थांबलात?”

“सातव्या दिवशी एका दारासमोर. तीन सेकंद,” उल्का म्हणाली.

ओकुनो-सान हसल्या. दीड वर्षात मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं. त्यांनी कपाट उघडलं, पिस्तूल स्वतःच्या हातांनी माझ्यात ठेवलं. कुंकवाचा ठिपका त्यांना दिसला. पुसायला रुमाल काढला, मग परत खिशात ठेवला.

क्योतोत आमची बस सायकलींच्या गर्दीतून वाट काढत गेली. मी मांडीवर. प्रल्हाद आणि तन्वी मागच्या सीटवर. व्यायामशाळेत बारा जणांची रांग उभी राहिली, आणि मी उल्काच्या मागच्या बाकावर, झाकण उघडं, कुंकू आत.

चाळीस नेम मारायचे होते. पहिल्या दहात ती अडखळली. दहा दिवस सराव नव्हता, बोट खटक्याशी अनोळखी झालं होतं. आठ लागला तेव्हा माझ्या बिजागऱ्या आवळल्या. पण हात मात्र जागचा हलत नव्हता. विसाव्यानंतर बोटालाही आठवलं. तिसाव्याला ती दुसऱ्या नंबरवर आली. पुढे एकच, क्योतोच्या विद्यापीठातला एक उंच विद्यार्थी, डॉक्टरेट करणारा, मोठा शांत मुलगा. तीन नेम उरले तेव्हा तो दोन गुणांनी पुढे होता.

त्यानं मारला, नऊ. उल्कानं मारला, दहा.

त्यानं मारला, नऊ. तिनं, दहा. आता बरोबरी.

तो शेवटचा नेम धरून बराच वेळ उभा राहिला. हात किंचित खाली आला, पुन्हा वर गेला. नऊ. सगळ्या सभागृहाची नजर उल्काकडे वळली. तिनं पिस्तूल टेबलावर टेकवलं, बोटं मोकळी केली आणि एकदा मागे वळून माझ्याकडे पाहिलं. खरंच माझ्याकडे. मग डावा हात खिशात गेला, उजवा वर आला आणि दुधाचा खोका थांबायचा तिथेच बरोबर थांबला.

टिक्.

दहा!

तन्वी किंचाळली, “मामा!” म्हणजे जपानीत आई, आणि पुढचंही सगळं जपानीत. प्रल्हाद टाळ्या वाजवायच्याच विसरला. ओकुनो-साननी चष्मा काढून पुसला, आणि या खेपेस तो लवकर परत घातला नाही. पहिलं पदक माझ्या उल्काच्या गळ्यात पडलं. माझी उल्का! चार गावं मिरवावं असं वाटत होतं मला.

पण खरं सांगायचं ते पुढेच आहे. सगळं आटोपल्यावर तिनं पिस्तूल पुसून माझ्यात ठेवलं, कडी लावली, कुलूप लावलं, किल्ली पासाच्या पाकिटात टाकली. मला उचलून ती दाराकडे निघाली. दारापाशी सगळे क्लब, मुलं, पालक यांची गर्दी होती. पहिल्यांदा तो उंच विद्यार्थी बाजूला झाला आणि वाकला. मग त्याच्या शेजारचा. मग दोन्हीकडची रांगच्या रांग मागे सरली, माना लवल्या, आणि मधून एवढी रुंद वाट झाली की दोन सायकली शेजारून गेल्या असत्या. उल्का त्या वाटेवरून चालली. पिस्तूल कुणाला दिसत नव्हतं. कुणी भ्यालं नव्हतं.

बसथांब्यावर तिनं कोल्हापूरला फोन लावला. “बाबा, लोकांनी वाट दिली.”

“कुणाला?” मोहनरावांनी विचारलं.

“मला. पेटी बंद होती.”

पलीकडे नाक ओढल्याचा आवाज. मग म्हातारा म्हणाला, “बिजागरी कुरकुरत नाही ना गं?”

नाही हो मोहनराव. अजून नाही.

आज पुन्हा खंडेनवमी आहे. तोच पाट, तोच लॅपटॉप, तीच विळी. फरक एवढाच की पडदा सताड उघडा आहे, गॅलरीचं दारही. सोफ्यावर समोरच्या आजी बसल्या आहेत. उल्का वर्षभर त्यांना जिन्यात वाकून नमस्कार करत राहिली; उन्हाळ्यात एकदा त्यांनी काकड्या आणून दिल्या, आणि आज हातात श्रीखंडाची वाटी आहे. दुसरी वाटी ओकुनो-सानकडे. त्या केशर म्हणजे नक्की काय ते प्रल्हादला विचारताहेत आणि त्याला सांगता येत नाहीये.

आणि पाटाच्या मधोमध, सगळ्यांच्या वर, मी आहे. कुलूप लावलेली. उल्कानं माझ्या झाकणावर हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, झेंडूची माळ घातली. पिस्तूल आत गाढ झोपलंय. त्याला पत्ताही नाही.

ह्यूस्टनहून शिरीष फोनच्या पडद्यावर आलेत. “अगं, जरा उघड ना, बघू दे तरी!”

तन्वीनं दोन्ही हातांची फुली केली आणि ठणकावलं, “दामे!” म्हणजे मुळीच नाही. आजींनी जोरात मान डोलावली. शिरीषना हसू आवरेना. हसता हसता त्यांनी फोन फिरवून त्यांचा देव्हारा दाखवला. तिथे पाटावर एक नवी कोरी लोखंडी पेटी होती, कुलूप लावलेली, वर एकच जास्वंद. मग त्यांनी शर्टाची कड उचलून कंबर दाखवली, तिथे फक्त पट्टा होता.

तर मंडळी, कधी तोझाई लाइननं ग्योतोकुकडे आलात आणि मांडीवर सागवानी पेटी घेतलेली बाई दिसली, तर आत काय आहे ते विचारू नका. हसून ‘खेळाचं सामान’ एवढंच सांगेल ती. पण उतरताना जरा बाजूला व्हा आणि तिला वाट द्या. आम्हाला आता त्याची सवय झालीय.